मोठ्या स्पॅनच्या हॉलला सिस्मिक आयसोलेशन लावायचं का? आधी छत खांबावर कसं बसणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपड्याकडे एका शिक्षण संस्थेला इनडोअर हॉल बांधायचाय, मधे एकही कॉलम नको, रुंदी ४८ मीटर, लांबी ७२ मीटर, वर स्टीलचे ट्रस (त्रिकोणी जाळीचे आडवे सांगाडे) आणि पत्रा, दोन्ही अंगाला आरसीसीची गॅलरी. एका सप्लायरने सांगितलं की पायाखाली बेस आयसोलेटर, म्हणजे जमिनीचा धक्का इमारतीपर्यंत कमी पोहोचू देणारी मऊ किंवा सरकती बेअरिंगं, टाका, भूकंपाची काळजी मिटली. संस्थेतली जुनी मंडळी म्हणतात आपल्याकडे कुठे भूकंप येतो, उगाच पैसे घालवू नका. आणि मधे अडकलाय साईट बघणारा तरुण इंजिनिअर, तो मला विचारतोय की यात खरं कोणाचं.

भाऊ, माझं मत आधीच सांगतो, मग कारणं. भूकंप धरावाच लागेल, त्यात चर्चा नाही. पण साध्या पत्र्याच्या छताचा हॉल असेल तर पायाखाली आयसोलेटर टाकण्यात अर्थ नाही, तो पैसा आणि ते लक्ष छत जिथे कॉलमवर बसतं त्या जागेवर घाला. छत जड होणार असेल, म्हणजे वर सोलर, खाली एसीचे डक्ट, अकूस्टिक पॅनल, डेक शीटवर काँक्रीट असं काही, तर आयसोलेशनचा विचार करा पण तो कॉलमच्या डोक्यावर, छताच्या खाली. अख्खी इमारत पायापासून आयसोलेट करणं हे हॉस्पिटलसारख्या ठिकाणी शोभतं, तिथे मी स्वतः आग्रह धरेन.

आता ते "आपल्याकडे कुठे" बद्दल. खानदेशात हे वाक्य मी प्रत्येक मीटिंगला ऐकतो, फॅब्रिकेटरचा मिस्त्री तर सरळ विचारतो, "आठे धरतीकंप येस का भाऊ?" येतो. नर्मदा, सोन आणि तापी या नद्या ज्या पट्ट्यातून जातात तो जमिनीखालचा जुना कमकुवत पट्टा आहे आणि म्हणूनच आयएस १८९३ या आपल्या भूकंपाच्या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत तापीचा हा पट्टा झोन ३ मध्ये आहे, म्हणजे झोन फॅक्टर (धक्क्याची धरायची तीव्रता, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) ०.१६. मार्च १९३८ मध्ये सातपुड्यात सहाच्या वरचा भूकंप झाला होता, १९७० ला भरूच हललं, २२ मे १९९७ ला जबलपूरला ५.८ चा झाला, हे सगळे याच पट्ट्यातले. आणि किल्लारी तर महाराष्ट्राने विसरूच नये, ३० सप्टेंबर १९९३, ६.२ चा, आणि तो भाग त्या वेळच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. नकाशात कमी धोका म्हणजे धोका नाही असं समजून बांधलेल्या घरांमध्ये हजारो माणसं गेली.

मोठ्या शेडवाल्यांनी मात्र किल्लारीपेक्षा इटलीतलं एक उदाहरण जास्त बघावं. एमिलिया नावाचा भाग आहे, पो नदीच्या गाळाचा सपाट मुलूख, शेती आणि कारखाने, आपल्या तापीकाठासारखाच म्हणा. मे २०१२ मध्ये तिथे नऊ दिवसांच्या अंतराने दोन भूकंप झाले, दोन्ही सहाच्या आसपासचे, म्हणजे फार राक्षसी नाहीत. आणि पडलं काय तर कारखान्यांच्या शेड. प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून आणलेले, बीम कॉलमच्या डोक्यावर नुसते ठेवलेले होते, बोल्ट नाही, पिन नाही, फक्त वजनाने आणि घर्षणाने बसलेले, कारण बांधताना तो भाग भूकंपाचा धरलेलाच नव्हता. कॉलम एका बाजूला झुकला, बीम सीटवरून, म्हणजे टेकायच्या जागेवरून, घसरला, छत खाली आणि त्याखाली कामावरची माणसं. कॉलम बऱ्याच ठिकाणी उभेच राहिले होते. ही गोष्ट नीट डोक्यात ठेवा, कारण मोठ्या स्पॅनच्या इमारतीत मधे आधार नसतो, दोन टोकांपैकी एक टोक सुटलं की अख्खा ट्रस जातो, दहा मजली फ्रेमसारखा भार दुसरीकडे वळवायला तिथे जागाच नाही.

चीनमध्ये २०१३ च्या लुशानच्या भूकंपात जिम्नॅशियमचं स्पेस फ्रेमचं, म्हणजे स्टीलच्या रॉडच्या त्रिमितीय जाळीचं, छत पडलं नाही पण सपोर्टजवळचे रॉड वाकले आणि बेअरिंगं खराब झाली. जपानमध्ये २०११ ला आणि परत २०१६ ला कुमामोतोत शाळांच्या जिममध्ये हाच प्रकार, स्टीलचं छत आणि आरसीसीचा कॉलम जिथे भेटतात तिथे अँकर बोल्टभोवतीचं काँक्रीट फुटलं. तीन देश, तीन बांधायच्या पद्धती, पण दुखणं एकाच जागी.

आता आयसोलेशन करतं काय ते बघू, आकड्यांसकट, कारण सप्लायर आकडे देत नाही, फोटो देतो. तुमचा हॉल साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत एक झोका घेत असेल. कोडच्या आलेखात नेमक्या त्याच भागात जोर सगळ्यात जास्त असतो, मध्यम जमिनीसाठी ०.५५ सेकंदापर्यंत तो गुणक २.५ आहे. त्यापुढे तो १.३६ भागिले झोक्याची वेळ असा उतरतो. तुम्ही मधे मऊ बेअरिंग घालून झोका अडीच सेकंदाचा केला तर गुणक ०.५४ होतो, म्हणजे जोर जवळपास साडेचारपट कमी. ही झाली कमाई. याची किंमत म्हणजे सरकणं. झोन ३ चा पूर्ण ०.१६ धरला, झोका अडीच सेकंद, तर वरचा भाग खालच्या भागापेक्षा साडेतेरा सेंटिमीटर सरकतो, आणि बेअरिंगमध्ये चांगलं डॅम्पिंग, म्हणजे हलण्याची ऊर्जा खाण्याची ताकद, असेल, वीस टक्क्यांच्या आसपास, तर नऊ सेंटिमीटरच्या जवळ येतो. डॅम्पिंगसकट हेच झोन ५ ला करा, २० सेंटिमीटर. म्हणजे आयसोलेशन घेतलं की इमारतीला चारी बाजूंनी तेवढी मोकळी हलायची जागा द्यायलाच लागते, आणि ती जागा पुढची पन्नास वर्षं मोकळी ठेवायला लागते. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड.

बेअरिंगच्या दोन मुख्य जाती. एक रबराची, रबर आणि पोलादी पत्र्यांचे थर एकावर एक चिकटवून केलेली, आणि मधोमध शिशाचा दांडा असेल तर लेड रबर बेअरिंग. ती कल्पना न्यूझीलंडच्या विल्यम रॉबिन्सनची, १९७० च्या दशकातली, शिसं दाबलं-वाकवलं की ऊर्जा खातं आणि साध्या तापमानालाच परत पूर्वीसारखं होतं म्हणून ते निवडलं. दुसरी जात फ्रिक्शन पेंड्युलम, म्हणजे गुळगुळीत स्टेनलेस स्टीलची खोलगट थाळी आणि तिच्यात सरकणारा एक घसरता ठोकळा, इमारत सरकताना थोडी वर चढते आणि स्वतःच्या वजनाने परत मधे येते. हिची एक गोष्ट मोठ्या छतासाठी फार कामाची आहे, झोक्याची वेळ फक्त थाळीच्या गोलाईवर अवलंबून असते, वजनावर नाही. अडीच सेकंद पाहिजे तर त्रिज्या साधारण दीड मीटर, मग वर पाच टन असो की पाचशे.

रबराचं तसं नाही, आणि इथेच सप्लायरचं बोलणं तुमच्या हॉलला लागू पडत नाही. हिशोब करून दाखवतो. ट्रस, पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे स्टील), पत्रा मिळून चौरस मीटरला ४५ किलो धरू. ४८ गुणिले ७२, म्हणजे ३४५६ चौरस मीटर, छताचं वजन दीडशे टनांच्या थोडं वर. सहा-सहा मीटरवर कॉलम घेतले तर दोन्ही बाजूंचे मिळून २६, एका कॉलमवर सहा टन. सहा टनांखाली रबराचं बेअरिंग अडीच सेकंदाचा झोका द्यायचं असेल तर ते इतकं मऊ लागतं की नेहमीच्या मऊ रबरात, १०० मिलिमीटर जाडी धरून, त्याचा व्यास निघतो जेमतेम ११० मिलिमीटर. आता हे एवढंसं बेअरिंग नऊ-दहा सेंटिमीटर सरकवून बघा, वरची प्लेट खालच्या प्लेटच्या वर उरतच नाही, ते आडवं होणार. म्हणजे हलक्या छताखाली रबर चालत नाही, हे गणितच सांगतं, कोणाच्या ब्रँडचा प्रश्न नाही.

मग पायाखाली टाकू, तिथे गॅलरीचं वजन मिळेल, असं कोणी म्हणेल. बरोबर, वजन मिळतं. पण आयसोलेटरच्या वर सगळे कॉलम एकमेकांना घट्ट बांधलेले पाहिजेत, स्लॅबने किंवा बीमच्या जाळीने, नाहीतर प्रत्येक कॉलम आपापल्या मर्जीने सरकेल. मल्टिस्टोरीला तो स्लॅब तसाही असतो. तुमच्या हॉलची फरशी मुरुमावर टेकलेली आहे, तिच्याखाली ४८ मीटर आरपार बीम, त्याखाली आयसोलेटर, त्याखाली दुसरा पाया, माणूस आत शिरून तपासणी करू शकेल एवढी उंची, आणि बाहेरून चारी बाजूंना खंदक. एकमजली हॉलसाठी जमिनीखाली अजून एक इमारत बांधल्यासारखं होतं ते.

जिथे हे शोभतं तिथे जगाने केलंय आणि छान केलंय. २००१ च्या भूकंपात भुजचं जिल्हा हॉस्पिटल पडलं, माणसं गेली, आणि ज्या दिवशी हॉस्पिटलची गरज त्याच दिवशी हॉस्पिटल नव्हतं. नवीन बांधलं ते न्यूझीलंडच्या मदतीने लेड रबर बेअरिंगवर. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल, प्रचंड ट्रसचं छत, अख्खी इमारत २६७ फ्रिक्शन पेंड्युलमवर उभी आहे. इस्तंबूलचं सबिहा गोक्चेन ३०० वर. बीजिंगच्या दाशिंग विमानतळाखालून वेगवान रेल्वे जाते, तिथे हजाराहून जास्त बेअरिंगं आहेत. या सगळ्यांत खाली भरपूर वजन, मजले, मशिनरी, आणि इमारत एक तासही बंद ठेवता न येण्याची गरज. फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानच्या भूकंपात आयसोलेशनवाली हॉस्पिटलं चालू राहिली, जखमींना तिथेच नेलं. जळगाव-धुळ्यात कोणी दोनशे बेडचं हॉस्पिटल बांधत असेल तर त्यांनी आज आयएस १८९३ चा भाग ६ उघडून बसावं, २०२२ पासून बेस आयसोलेशनसाठी आपला स्वतःचा कोड आहे, आता "आपल्याकडे नियम नाहीत" हे कारण उरलं नाही.

आता डोक्यावरचं आयसोलेशन. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई मधे चुंबळ ठेवते, मान हलली तरी हंडा हलत नाही आणि हंड्याचा भार टाळूवर एका जागी टोचत नाही, कॉलमच्या डोक्यावरचं बेअरिंग छतासाठी तेच काम करतं. इस्तंबूलचं अतातुर्क टर्मिनल बघा, काम चालू असतानाच १९९९ चा भूकंप आला, नुकसान झालं, मग कॉलमच्या डोक्यावर आणि स्पेस फ्रेमच्या खाली फ्रिक्शन पेंड्युलम बसवून छत वेगळं केलं. फायदा दुहेरी होतो. छताचा धक्का कॉलमला कमी बसतो, आणि कॉलमचा छताला. अजून एक फायदा ज्याबद्दल कोणी बोलत नाही, तुमच्याकडे एका बाजूला गॅलरी उंच आणि दुसऱ्या बाजूला बुटकी असं काही असेल तर एका बाजूचे कॉलम ताठ आणि दुसऱ्या बाजूचे लवचिक होतात, भूकंपात छत पिळवटतं. पेंड्युलम बेअरिंगमध्ये जिथे जास्त वजन तिथे आपोआप जास्त ताठपणा येतो, त्यामुळे पिळवटणं बऱ्यापैकी मिटतं.

पण, आणि हा पण मोठा आहे, वारा. आपल्याकडे मे-जूनच्या वादळात रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या होतात आणि गावोगाव पत्रे उडतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरा, दाब चौरस मीटरला ९० किलोच्या वर जातो. छताला वर ओढणारा त्याचा हिस्सा ७०-८० किलो सहज होतो आणि छताचं स्वतःचं वजन ४५. म्हणजे वादळात तुमचं छत कॉलमवर बसलेलंच नसतं, ते वर ओढत असतं, बोल्टच त्याला धरून ठेवतात. फ्रिक्शन पेंड्युलम तर वजनावरच जगतं, वजन गेलं की घर्षण गेलं, परत मधे आणणारा जोर गेला. म्हणून हलक्या पत्र्याच्या छताखाली ते लावायचं तर वर उचललं जाऊ नये म्हणून वेगळी पकड लागते आणि रोजच्या वाऱ्यात सरकू नये म्हणून ठराविक जोराला तुटणारी पिन लागते, गुंतागुंत वाढते, खर्च वाढतो आणि मिळकत थोडी, कारण दीडशे टनांच्या छताचा भूकंपाचा जोर मुळात फार नाहीच. माझ्या मते इथेच तुमचा निर्णय होतो. पत्र्याचं छत राहणार, तर आयसोलेटर नको.

मग काय पाहिजे? नीट बसवलेलं बेअरिंग पाहिजे. आणि त्याची गरज भूकंपाच्याही आधी उन्हामुळे आहे. जानेवारीतल्या पहाटेचं स्टील आणि मे महिन्यात दुपारी तापलेलं स्टील यात ४५ अंशांचा फरक आपल्याकडे सहज पडतो. ४८ मीटरचा ट्रस तेवढ्याने २६ मिलिमीटर लांब होतो. हे थांबवता येत नाही, फक्त जागा देता येते. म्हणून ड्रॉइंगमध्ये एका बाजूच्या बेस प्लेटला लांबट भोकं दाखवतात, ट्रस त्यात सरकावा म्हणून.

आता कुठल्याही जुन्या शेडमध्ये शिडी लावून कॉलमच्या डोक्यावर जाऊन बघा, मी सांगतो तेच दिसण्याची शक्यता जास्त. लांबट भोक आहे, पण बोल्टवर जो चौकोनी वॉशर ठेवलाय तो उभारणीच्या वेळी चारी बाजूंनी वेल्ड करून टाकलाय, कारण मिस्त्रीला वाटलं ढिलं राहिलं तर बरं नाही. किंवा नट इतका आवळलाय की प्लेट हलणं शक्य नाही. किंवा प्लेटखाली ग्राउट (सिमेंटचा पातळ भराव) भरताना ते भोकातही गेलंय आणि आता दगड झालंय. सरकता सपोर्ट जाम. मग दर उन्हाळ्यात ट्रस कॉलमचं डोकं बाहेर ढकलतो आणि दर हिवाळ्यात आत ओढतो, आणि बोल्टपासून कॉलमच्या कडेपर्यंत एक तिरकी चीर दिसायला लागते. कडेचं कव्हर काँक्रीट टिचकी मारली तर पोकळ वाजतं. पावसाचं पाणी त्या चिरेत जातं, बोल्ट गंजतो. वीस वर्षांनी भूकंप येईल तेव्हा त्याला छत पाडायला फारसं काही करावं लागणार नाही, निम्मं काम ऊन-पावसाने करून ठेवलेलं असेल. हे चित्र मी गोदामांत पाहिलंय, जिनिंगच्या शेडमध्ये पाहिलंय, मंगल कार्यालयात पाहिलंय, आणि तिथे खाली लग्नाच्या पंगती बसलेल्या असतात म्हणून मला हे पोटतिडकीने सांगावं लागतं.

तुमच्या हॉलसाठी मी असं करेन. दोन्ही बाजूंना पुलाला वापरतात तसे रबर-पोलादाचे पॅड, म्हणजे २६ मिलिमीटरचं प्रसरण दोन्हीकडे तेरा-तेरा वाटलं जाईल आणि भूकंपाचा जोरही दोन्ही रांगांना सारखा जाईल. एक बाजू पक्की आणि एक सरकती केली तर छताचा सगळा जोर पक्क्या बाजूच्या तेरा कॉलमवर येतो, तेही चालतं पण मग ते कॉलम तेवढ्यासाठी डिझाईन केलेले पाहिजेत, हे बरेच जण विसरतात. पॅडच्या पुढे-मागे पोलादी स्टॉपर, प्रसरणाला जागा सोडून, म्हणजे त्यापलीकडे छत जाऊच शकणार नाही. वर उचललं जाऊ नये म्हणून बोल्ट लांब, खोलवर अडकवलेले, आणि लांबट भोकात खरोखर सरकणारे, डबल नट लावून नट प्लेटपासून किंचित मोकळा. सीटची रुंदी हात आखडता न घेता द्या. बोल्टभोवती कॉलमच्या डोक्यात रिंगा जवळजवळ, शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये तरी, कारण काँक्रीट तिथेच फुटतं. आणि कॉलमच्या डोक्यांना जोडणारा सलग बीम चारी बाजूंनी फिरवा, तो नसेल तर प्रत्येक कॉलम एकटा उभा असतो.

कमान किंवा घुमटाचं छत घ्यायचा विचार आर्किटेक्टच्या डोक्यात असेल तर त्याला आत्ताच थांबवून एक गोष्ट विचारा, आडवा रेटा कोण घेणार? कमान पाय फाकवते. तिच्याखाली सरकतं बेअरिंग दिलं आणि दोन्ही पायांना जोडणारा टाय किंवा रिंग दिली नाही तर भूकंपाची वाटच बघायला नको.

उभ्या धक्क्याबद्दलही लिहितो कारण सप्लायर ते टाळतो. नेहमीचे आयसोलेटर फक्त आडवं हलणं कमी करतात, वर-खाली हलण्याला ते जवळजवळ दगडासारखे. मोठ्या स्पॅनचा ट्रस मधल्या भागात वर-खाली झोका घेतो आणि त्याची वेळ नेमकी त्या जास्त जोराच्या भागात पडते. म्हणूनच कोड म्हणतो की स्पॅन मोठा असेल तर उभा भूकंपही हिशोबात घ्या, आडव्याच्या दोन तृतीयांश. ट्रसच्या खालच्या कॉर्डला, म्हणजे खालच्या लांब दांड्याला, एरवी ताण असतो, वाऱ्यात आणि उभ्या धक्क्यात तिथे दाब येऊ शकतो, तर त्या कॉर्डला आडवे टेकू द्या. हे आयसोलेशन केलं तरी लागतं, नाही केलं तरी लागतं.

जमीन. तापीकाठी चोपडा, यावल, रावेर या भागात गाळ खूप खोल आहे, दक्षिणेला पारोळा-चाळीसगावकडे मुरूम आणि काळा खडक वर येतो. खोल मऊ गाळ स्वतःच सावकाश हलतो, १९८५ ला मेक्सिको सिटीत तळ्याच्या गाळावर जमीनच दोन सेकंदांच्या झोक्याने हलली आणि ज्या इमारतींचा झोका त्याच्या जवळ होता त्या पडल्या. तुम्ही अडीच सेकंदाचं आयसोलेशन घातलं आणि जमीनही तशीच सावकाश निघाली तर तुम्ही संकटाकडे चालत गेलात. आणि वरची काळी माती तर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, एक कॉलम दुसऱ्यापेक्षा वर-खाली झाला की ४८ मीटरच्या ट्रसच्या बेअरिंगची पातळी बिघडते. पाया काळ्या मातीच्या खाली नेणं ही इथली पहिली अट, बाकी सगळं नंतर.

समजा संस्थेने पुढे ठरवलं की छतावर सोलर, आत एसी, अकूस्टिक सीलिंग, आणि पूर-भूकंपात गावकऱ्यांचा निवारा म्हणूनही हॉल वापरायचा, जपानमध्ये शाळांच्या जिम तशा वापरतात आणि हा विचार फार चांगला आहे. मग वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या पुढे जाईल, वाऱ्याचा प्रश्न हलका होईल आणि कॉलमच्या डोक्यावर फ्रिक्शन पेंड्युलम विचारात घेण्यासारखं होईल. तेव्हा सप्लायरकडून टेस्ट मागा, नमुन्याच्या बेअरिंगची पूर्ण सरकवून केलेली टेस्ट आणि साईटवर येणाऱ्या प्रत्येक बेअरिंगची टेस्ट, नंबरसकट. सरकण्याच्या जागेवर धूळ जाऊ नये म्हणून पक्कं आवरण मागा, आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ आणि सरकीच्या मोसमात हवेत उडणारा कापूस त्या थाळीत गेला तर घर्षणाचा आकडा कागदावरच राहील. छताच्या कडेने पन्हाळी, पावसाच्या पाण्याचे पाईप, फायरची लाईन, वायरिंगचे ट्रे जिथे जिथे छतावरून भिंतीवर येतात तिथे लवचिक तुकडा, दहा-पंधरा सेंटिमीटर ओढला तरी न तुटणारा. आणि भिंत छताला टेकू देऊ नका. कोणीतरी चिमण्या-कबुतरं येतात म्हणून ती फट विटांनी बुजवतो आणि सगळं आयसोलेशन त्या चार विटांवर अडकतं. फटीच्या बाजूला तसा बोर्ड लावा, मराठीत, मोठ्या अक्षरात.

सीलिंगचं वेगळं सांगतो कारण माणसं त्याने मरतात. २०११ ला टोकियोत कुदान काइकान नावाच्या सभागृहात इमारत उभी राहिली, सीलिंग पडलं, दोन जण गेले. कावासाकीच्या मोठ्या संगीत सभागृहाचंही सीलिंग तेव्हाच कोसळलं, सुदैवाने आत कार्यक्रम नव्हता. आपल्याकडे हॉल सजवायचा म्हणजे पीओपी, तारेवर लटकवलेलं, कडेला भिंतीत घट्ट दाबलेलं. नको. एवढ्या उंचीवर जड सीलिंग लावूच नका, लावायचंच तर हलकं, तिरक्या टेकूंनी ट्रसला बांधलेलं, कडेला फट सोडून.

आता तुम्ही करायचं ते असं. संस्थेकडून छतावर पुढे काय काय येणार हे लेखी घ्या, सोलर असेल तर आत्ताच. जमीन तपासायला बोअर किमान चार कोपऱ्यांत आणि एक मधे घ्या, आणि काळी माती किती खोल ते स्वतः बघा. डिझाईन करणाऱ्याकडून कॉलमच्या डोक्याचा डिटेल पूर्ण मापात, वेगळ्या शीटवर मागा, जनरल ड्रॉइंगमधला छोटासा गोल चालणार नाही. त्याच्या खाली तीन आकडे लिहून घ्या: तापमानाने किती सरकणार, भूकंपाने किती, वाऱ्याने वर किती ओढणार. आणि उभारणी झाली की रंग मारण्याआधी शिडी लावून सगळ्या २६ डोक्यांवर स्वतः चढा, प्रत्येक वॉशर हाताने हलवून बघा. जो हलत नसेल तो कापून परत बसवायला लावा, आणि सगळे हलेपर्यंत फॅब्रिकेटरचं शेवटचं बिल थांबवायचं हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून ठेवा.